देव्हाऱ्यातले नाव दफ्तरात सापडावे म्हणून

प्रति,
मा. संचालक,
पुराभिलेख संचालनालय, महाराष्ट्र शासन,
मुंबई

विषय: पहिल्या महायुद्धात गेलेल्या महाराष्ट्रातील शिपायांची गाववार नोंदवही तयार करण्याबाबत

महोदय,

शिराळा तालुक्यातल्या माझ्या माहेरच्या गावी जुन्या चावडीच्या भिंतीत संगमरवराची एक लहानशी फरशी बसवलेली आहे. तिच्यावर इंग्रजीत कोरले आहे की, १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून २१ माणसे गेली आणि त्यांपैकी ४ जणांनी प्राण दिले. नाव एकाचेही नाही. चावडीचे छप्पर दोनदा बदलले, भिंतीला रंगाचे किती हात बसले याची गणती नाही, पण रंगाऱ्याने दर वेळी फरशी सोडून रंग दिला, एवढा मान गावाने तिला ठेवला आहे. अशा फरश्या सातारा, सांगली, कोल्हापूर आणि कोकण या भागांत गावोगावी आढळतात. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाने त्या युद्धात ४६ माणसे गमावली आणि ते गाव आजही अपशिंगे मिलिटरी म्हणूनच ओळखले जाते. या सगळ्या फरश्यांवर आकडा आहे आणि नाव नाही. हे पत्र त्या नावांसाठी आहे.

आमच्या गावच्या चौघांपैकी एक माझे पणजोबा होते. हे आम्हाला घरातल्या बोलण्यातून माहीत होते आणि आमच्या देव्हाऱ्यातल्या एका वस्तूवरून. देव्हाऱ्यात खंडोबा, जोतिबा आणि कुलदेवीचे चांदीचे टाक आहेत. त्यांच्या मागे, भिंतीला टेकवून, तळहातापेक्षा मोठी, वाटोळी, काळसर पिवळी अशी एक जड तबकडी उभी असते. माझी आजी तिला पणजोबांचा टाक म्हणत असे. तिच्यावर एक उंच स्त्री उभी आहे, तिच्या एका हातात त्रिशूळ आहे, दुसरा हात पुढे केलेला आहे आणि पुढ्यात सिंह आहे. आजीने आणि तिच्या आधी पणजीने तिला भवानीच मानले होते. दसऱ्याला बाकीच्या टाकांबरोबर हीही चिंच लावून घासली जाई, पुसून पाटावर मांडली जाई आणि तिला झेंडू वाहिला जाई.

मी शिक्षिका झाल्यावर, इंग्रजी वाचता येऊ लागल्याला बरीच वर्षे झाल्यावर, एका दसऱ्याला ती तबकडी मीच घासायला घेतली आणि कडेची अक्षरे पहिल्यांदा लावून वाचली. स्वातंत्र्य आणि सन्मान यांसाठी त्याने प्राण दिला, अशा अर्थाचे शब्द तिच्या कडेने फिरतात. ती स्त्री म्हणजे ब्रिटनची प्रतीकमूर्ती ब्रिटानिया. हे ब्राँझचे स्मृतिपदक युद्धात मेलेल्या शिपायांच्या वारसांना इंग्रज सरकारने युद्धानंतर पाठवले होते. त्याचा व्यास १२० मिलिमीटर असतो आणि त्याच्यावर सिंहाच्या वरच्या अंगाला एका चौकटीत मृताचे नाव उठावाच्या अक्षरांत असते. मरणाऱ्यांत लहानमोठे मानायचे नाही म्हणून त्या नावामागे हुद्दा घातलेला नसतो. नंबर नसतो, पलटणही नसते. आमच्या पदकावरचे नाव शंभर वर्षांच्या चिंचेने इतके झिजले होते की, पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल फिरवल्यावर मला पहिल्या नावाची तीन अक्षरे आणि आडनावाचा शेवट एवढेच वाचता आले. आडनाव चव्हाण आहे हे मला ठाऊक होते. ठसा मात्र ‘चवान’ असा उमटला.

भक्तीने घासल्यामुळे नाव पुसले गेले, याचे मला त्या दिवशी फार वाईट वाटले. नंतर वाटले की, ती घासली जात होती म्हणूनच टिकली. जी पदके कोणी पुजली नाहीत त्यांचे काय झाले हेही आमच्याच घरात घडले आहे. पणजोबांची युद्धपदकेही आली होती. त्यांतले एक चांदीचे होते आणि अशा पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव व पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असे. ते चांदीचे पदक माझ्या आजोबांनी बहात्तरच्या दुष्काळात सराफाला दिले आणि त्याने ते वितळवले. बाकीची दोन पितळेची समजून मुलांच्या खेळात गेली. त्या चांदीसोबत घरातला लेखी नंबर मुशीत गेला, हे आजोबांना कोणी सांगितलेले नव्हते. घरात सहा तोंडे होती. त्यांनी जे केले त्याला मी चूक म्हणत नाही.

नंबराला एवढे महत्त्व का, हे मला शोध सुरू केल्यावर कळले. मी एका कार्यालयात गेले, तिथून दुसऱ्यात पाठवली गेले, आणि दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच होता: “नंबर आहे का?” नसेल तर पुढे काही होणार नाही, हे उत्तर मला एकदा उभ्याउभ्या मिळाले आणि एकदा लेखी, दोन ओळींत. उत्तर देणाऱ्यांवर माझा राग नाही. त्यांच्यापुढची कपाटे नंबराने लावलेली होती आणि मी नाव घेऊन आले होते. पण हेही लक्षात घ्यावे की, त्या काळी शिपायाचा नंबर ज्याच्या त्याच्या पलटणीपुरता असे, म्हणजे एकच नंबर वेगवेगळ्या पलटणींत वेगवेगळ्या माणसांचा असू शके, आणि १९२२ मध्ये पलटणींचीच नावे बदलली. १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री रेजिमेंट झाली आणि बेळगाव हे तिचे केंद्र ठरले. पणजोबा ११७ व्या मराठा पलटणीत होते, हे मला कळेपर्यंत शोधाची दोन वर्षे गेली होती, कारण घरात आजी त्यांना नुसते ‘बसऱ्याच्या लढाईला गेलेले’ म्हणे. बसरा म्हटले की आपल्याकडे मोती आठवतात. आमच्या घरात बसरा म्हटले की आजी पदर डोळ्यांना लावी.

धागा लागला तो लष्करी दफ्तरात लागला नाही, महसुली दफ्तरात लागला. हा भाग मी सविस्तर लिहिते आहे, कारण माझ्या विनंतीचे मूळ त्यातच आहे. वाटणीच्या एका कामासाठी माझ्या भावाने तालुक्याच्या रेकॉर्ड रूममधून आमच्या गटाचे जुने फेरफार काढले. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी सुरू झाली, तेव्हापासूनचे हे फेरफार आहेत, आणि सुरुवातीचे पुष्कळसे मोडीत आहेत. भावाला आणि मला मोडी येत नाही. गावातल्या एका वृद्ध गृहस्थांनी भिंग लावून त्यातली एक नोंद वाचली. खातेदार लढाईवर मयत, वारस अज्ञान मुलगा, अ. पा. क. आई. पुढे पणजोबांचे नाव, त्यांच्या वडिलांचे नाव, आणि खाली तलाठ्याची व मामलेदाराची सही. ‘अ. पा. क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ती, हे आपल्याला ठाऊक आहेच. ती पालनकर्ती आमची पणजी होती, आणि नोंदीवर तिच्या डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा होता. शाई तपकिरी झाली होती, पण अंगठ्याच्या रेषा मोजता येत होत्या. मी त्या ठशावर बोट ठेवले तेव्हा ते वृद्ध गृहस्थ थोडा वेळ बाहेर जाऊन बसले.

वडिलांचे नाव आणि गावाचे तेव्हाचे लिखित रूप हाती आल्यावर मी राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या, म्हणजे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या, ऑनलाइन नोंदीत पुन्हा शोध घेतला. त्यापूर्वी मी अनेकदा शोधले होते आणि काहीच हाती लागले नव्हते. त्याची कारणे आता मला समजतात. मी जिल्हा सांगली म्हणून शोधत होते. पण १९१६ मध्ये सांगली जिल्हा अस्तित्वातच नव्हता. शिराळा हा तेव्हा सातारा जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्याचा पेटा, म्हणजे पोटविभाग, होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणजे पणजोबांचा पत्ता ‘वाळवा, सातारा’ असा होता. रायगडच्या माणसाला त्याचा पूर्वज कुलाब्यात सापडेल आणि सिंधुदुर्गच्या माणसाला रत्नागिरीत किंवा सावंतवाडी संस्थानात. दुसरे कारण अक्षरांचे. आपल्या ‘ळ’ ला आणि ‘ण’ ला रोमन लिपीत घर नाही. भरतीच्या कारकुनाच्या कानावर जसे पडले तसे त्याने लिहिले, त्यावरून दुसऱ्याने नक्कल केली आणि तिसऱ्याने टाइप केले. चव्हाण हे आडनाव मी आजवर सात प्रकारे लिहिलेले पाहिले आहे. पवारांचे पोवार आणि पुवार झालेले आहेत, जाधवांचे जाधो झालेले आहेत, आणि गावांच्या नावांची तर ओळखच पटत नाही. ज्या माणसाला आपल्या आजोळचे गाव रोमन लिपीतल्या कोणत्या विद्रूप रूपाखाली दडले आहे हे ताडता येणार नाही, त्याच्यासाठी ती नोंद असून नसल्यासारखी आहे.

नोंद सापडली. शिपाई, ११७ वी मराठा, अमक्याचा मुलगा, अमुक गाव, वाळवा, सातारा. मृत्यूची तारीख १९१६ च्या डिसेंबरातली. नंबरसुद्धा होता. ज्या चार आकड्यांसाठी मला दोन दारांवरून परत यावे लागले होते ते आकडे माझ्यासमोर पडद्यावर होते.

त्या तारखेवरून पुढचे जुळत गेले. ११७ वी मराठा ही सहाव्या डिव्हिजनमधली पलटण. या डिव्हिजनचे नावच पुणे डिव्हिजन होते, आणि तिच्यात १०३ व ११० या आणखी दोन मराठा पलटणी होत्या. १९१५ च्या नोव्हेंबरात ही डिव्हिजन बगदादच्या अलीकडे टेसिफॉनपर्यंत पोचली, तिथे जबर नुकसान सोसून मागे फिरली आणि तैग्रीस नदीच्या वळणावरच्या कूत अल अमारा या गावात ७ डिसेंबरपासून वेढली गेली. वेढा जवळजवळ पाच महिने चालला. सोडवायला आलेल्या फौजा नदीकाठी अडल्या. शेवटीशेवटी घोडे कापून खावे लागले. घोड्याचे मांस हिंदी शिपायांना धर्मामुळे आणि घरच्या लोकांच्या धाकामुळे खाववेना, आणि पुष्कळांनी फार दिवस ते तोंडात घातले नाही. २९ एप्रिल १९१६ रोजी डिव्हिजनचे सेनापती जनरल टाउनशेंड यांनी शरणागती पत्करली आणि सुमारे १३,००० माणसे तुर्कांच्या कैदेत गेली. हिंदी कैद्यांपैकी अनेकांना वाळवंटातून चालवत रास अल ऐन येथे बगदाद रेल्वेच्या कामावर नेण्यात आले. डिसेंबर १९१६ म्हणजे शरणागतीनंतरचा आठवा महिना. पणजोबांच्या मृत्यूचे ठिकाण नोंदीत नाही, पण कूतच्या लढाईत ते पडले नाहीत एवढे तारीख स्पष्ट सांगते.

आमच्या घरी पणजोबांचा म्हाळ शंभर वर्षे सर्वपित्री अमावास्येला होत आला, कारण ज्याची तिथी ठाऊक नाही त्याचा त्या दिवशी करायचा. पणजीपर्यंत निरोप पोचला तेव्हा वर्ष होऊन गेले होते असे आजी सांगे. तारीख कोणी वाचून दाखवली असेल तरी तिच्या लक्षात राहिली नाही, आणि तिची पेन्शनची कागदपत्रे तिच्यामागे परत जमा झाली. मी सापडलेली तारीख भावाला कळवली. त्याने गुरुजींकडून जुने पंचांग पाहून घेतले आणि मार्गशीर्षातली तिथी निघाली. गेल्या पितृपक्षात आमच्याकडे पहिल्यांदा त्यांच्या तिथीला पान वाढले गेले. महोदय, पुराभिलेख म्हटले की संशोधक, प्रबंध आणि ग्रंथ डोळ्यांपुढे येतात. आमच्यासारख्यांना त्यातून काय हवे असते, याचे एक उत्तर म्हणून मी हे लिहिले.

दगडावर त्यांचे नाव आजही नाही. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, मेलेल्या आणि कबर नसलेल्या ४०,००० हून अधिक सैनिकांचे स्मारक १९२९ मध्ये बसऱ्याला उभे राहिले. त्यात अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, आणि हिंदी शिपायांची पलटणीच्या नावाखाली फक्त संख्या. नावे नोंदवहीत राहिली. त्याच काळात, १९२७ मध्ये, फ्रान्समधल्या न्यूव्ह शापेल येथे हिंदी सैनिकांचे जे स्मारक झाले त्यावर ४,७०० हून अधिक नावे कोरलेली आहेत. फ्रान्समध्ये नावे कोरता येत होती, तर बसऱ्यातही आली असती. ही विषमता युद्धकबर आयोगाने नेमलेल्या समितीने एप्रिल २०२१ मधल्या अहवालात मान्य केली आणि आयोगाने तिच्याबद्दल माफी मागितली. स्मारकही १९९७ मध्ये मूळ जागेवरून हलवून शहराबाहेर वाळवंटात नेले गेले. तिथे जाऊन फूल वाहणे आमच्या आवाक्यातले नाही. मात्र बसऱ्याच्या स्मारकावर जे झाले तेच चावडीतल्या फरशीवर झाले आहे, आणि चावडी आपल्या राज्यात आहे.

आता विनंतीकडे वळते. युद्ध संपल्यावर पंजाब सरकारने जिल्हावार, गाववार नोंदवह्या तयार करून घेतल्या होत्या: कोण गेले, कोणाचा मुलगा, कोणत्या पलटणीत, परत आला की नाही. त्या लाहोरच्या संग्रहालयात पडून होत्या. ब्रिटनमधली पंजाबी वारशाचे काम करणारी एक संस्था आणि ग्रीनिच विद्यापीठ यांनी त्यांची २६,००० पाने डिजिटल करायला घेतली आणि २०२१ पासून त्या खुल्या होऊ लागल्या. एकूण नोंदी सुमारे ३,२०,००० आहेत. आज कॅनडातला एखादा नातू आपल्या गावाचे नाव टाकून आजोबांना शोधू शकतो. आपल्याला तयार नोंदवही मिळालेली नसली तरी ती आज रचता येते, कारण तिचे तुकडे राज्यभर पसरलेले आहेत आणि त्यांतले बरेचसे आपल्या संचालनालयाच्या किंवा राज्य शासनाच्या ताब्यात आहेत. मुंबईतली सचिवालयाची जुनी दफ्तरे, पुण्याचे आणि कोल्हापूरचे पुराभिलेखागार, संस्थानांची विलीन झालेली दफ्तरे, लढाईतल्या सेवेबद्दल दिलेल्या जंगी इनामांची कागदपत्रे, आणि तालुक्यातालुक्यातले ते फेरफार.

फेरफारांविषयी थोडे आग्रहाने लिहिते. शिपाई परमुलखात मेला की गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीत त्याची नोंद होत नसे, कारण मृत्यू गावात झालेला नसे. पण त्याच्या नावावर गुंठाभर जरी जमीन असली तरी वारस लावावाच लागे, आणि वारस लावताना तलाठी कारण लिही. म्हणून ज्या माणसाला लष्कराने आकड्यात घातले त्याला महसूल खात्याने नावाने लिहिले आहे. १९१५ ते १९२२ या सात-आठ वर्षांतले वारसाचे फेरफार तपासून त्यांतल्या ‘लढाईवर मयत’ अशा नोंदी वेगळ्या काढल्या, तर दगडावरच्या आकड्यांपैकी किती नावे उजेडात येतील, याची कल्पना माझ्या एका घराच्या अनुभवावरून यावी. जमीन नसलेल्यांची नावे यात येणार नाहीत हे मला मान्य आहे.

हे काम अवाढव्य आहे असे उत्तर कोणी देईल. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्तींची समिती नेमली, जिल्ह्याजिल्ह्यांत कक्ष उघडले, महसूल, शाळा, पोलीस, कारागृह अशा खात्यांची जुनी दफ्तरे खाली उतरवली आणि मोडी वाचकांना बोलावून लाखो नोंदी शोधून काढल्या. त्या प्रश्नाच्या बाजूंत मी येथे शिरत नाही. पण त्या कामामुळे कोणती दफ्तरे कुठे आहेत, कोणती वाळवीने खाल्ली आहेत आणि मोडी वाचणारे कोण आहेत याची माहिती आज प्रत्येक जिल्ह्याकडे आहे. ती फडकी पुन्हा बांधून ठेवण्यापूर्वी त्याच माणसांकडून ही सात-आठ वर्षे पाहून घ्यावीत, ही माझी पहिली आणि मुख्य मागणी आहे.

दुसरी मागणी खर्चाच्या मानाने फार लहान आहे. युद्धकबर आयोगाची यादी सर्वांसाठी खुली आहे. तिच्यातल्या मुंबई इलाख्यातल्या आणि आपल्या भागातल्या संस्थानांच्या नोंदी वेगळ्या काढून गावांची व माणसांची नावे देवनागरीत लावावीत आणि त्यापुढे आजचा तालुका व जिल्हा लिहावा. हे यंत्राने होणार नाही. वारणाकाठचा माणूस वारणाकाठची गावे ओळखेल आणि मालवणचा माणूस मालवणची. प्रत्येक तालुक्यातून दोन निवृत्त शिक्षक किंवा तलाठी बसवले तर काही महिन्यांत हे होऊ शकते. शिराळा आणि वाळवा या दोन तालुक्यांचे काम करायला मी स्वतः विनामूल्य तयार आहे.

या नोंदवहीत फक्त मराठा पलटणी येऊन चालणार नाही. माझ्यापाशी निदान बेळगावच्या रेजिमेंटला पत्र लिहिण्याची सोय आहे. महारांची भरती १८९२ च्या सुमारास बंद झाली होती, ती युद्धाची निकड भासल्यावर पुन्हा उघडून १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारली गेली आणि १९२१ मध्ये मोडून टाकली गेली. आजची महार रेजिमेंट १९४१ मध्ये नव्याने उभी राहिली. मग त्या चार वर्षांच्या पलटणीतल्या शिपायाच्या पणतवाने कोणाचे दार ठोठवावे? त्याच्यासाठी राज्याचे दफ्तर हेच दार आहे. तीच गत खेचरवाल्यांची, भिस्त्यांची, स्वयंपाक्यांची आणि हमालांची, ज्यांतल्या पुष्कळांना चांदीऐवजी ब्राँझचे पदक दिले गेले. आणि तीच कोकणातल्या खलाशांची. मुंबईत मस्जिद बंदरच्या खलाशीगृहात पहिल्या महायुद्धात समुद्रावर मेलेल्या २,००० हून अधिक खलाशांचे स्मारक आहे, आणि त्यांच्या वाड्यावस्त्यांतल्या किती जणांना ते ठाऊक असेल?

आणखी एक गोष्ट तातडीची आहे. शासकीय कार्यालयांत कागदांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडून मुदत संपलेले कागद नष्ट केले जातात. माजी सैनिक आणि त्यांच्या विधवा यांच्या निवृत्तिवेतनाचे, इनामाचे आणि मदतीचे जुने कागद जिथे जिथे उरले असतील, ते ‘ब’ किंवा ‘क’ वर्गात पडून कोणत्याही मार्चअखेरीस जळू शकतात. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ मुळे अशा कागदांविषयी बोलण्याचा अधिकार आपल्याला आहे. तो वापरून आपण जिल्हाधिकारी आणि जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी यांना एक परिपत्रक पाठवावे आणि १९४७ पूर्वीचा कोणताही सैनिकविषयक कागद आपल्याला दाखवल्याशिवाय नष्ट होणार नाही, असे करावे. हे महिनाभरात होण्यासारखे आहे.

घरांतल्या वस्तूंसाठीही काही करता येईल. आमच्यासारखे टाक म्हणून पुजलेले पदक केवळ आमच्याच घरी असेल असे मला वाटत नाही. तालुक्याच्या गावी एखाद्या बाजाराच्या दिवशी आपल्या कार्यालयाचे दोघे जण कॅमेरा आणि कागद घेऊन बसले, वस्तू ताब्यात न घेता नुसता तिचा ठसा व फोटो घेतला आणि ‘कडेची अक्षरे घासू नका’ एवढे समजावून सांगितले, तर लोक येतील. देव्हाऱ्यातली वस्तू सरकार घेऊन जाणार नाही, हे मात्र आधी दवंडीसारखे सांगावे लागेल, नाहीतर कोणीही यायचे नाही.

सोबत तीन गोष्टी जोडत आहे: आमच्या पदकाचा पेन्सिलीने घेतलेला ठसा, फेरफाराची नक्कल तिच्या देवनागरी वाचनासह, आणि चावडीतल्या फरशीचा फोटो. फरशीवरच्या चौघांपैकी पणजोबांचे नाव मला मिळाले. गावाचे तेव्हाचे रोमन रूप कळल्यामुळे त्याच यादीत आमच्या गावचा आणखी एक शिपाई सापडला. तो ११० व्या मराठा पलटणीतला होता. त्याच्या आडनावाचे एकही घर आज गावात नाही. मी ते नाव चावडीत बसणाऱ्या वृद्धांना वाचून दाखवले तेव्हा कोणालाच आठवण नव्हती, एकाला फक्त त्या आडनावाचा एक पडका वाडा ओढ्याकाठी होता एवढे आठवत होते. यंदाच्या सर्वपित्रीला भावाने त्याच्या नावानेही पान काढून ठेवायचे ठरवले आहे. तिसऱ्याचा आणि चौथ्याचा मला पत्ता लागलेला नाही. दोघांपैकी एकाची तरी वारसनोंद झाली असेल, तर ती १९१५ ते १९२२ च्या फेरफारांच्या त्याच रुमालांत, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांत, असणार. ते रुमाल आपण उघडावेत, एवढ्यासाठी हे पत्र.

आपली नम्र,
११७ व्या मराठा पलटणीतील एका शिपायाची पणती,
माहेर शिराळा तालुका, जिल्हा सांगली
(१९१६ साली: वाळवा तालुका, जिल्हा सातारा)